बाळसं आणि सुतळी

मराठीत वजनाला प्रेमळ शब्द फार. तान्हं मूल बाळसं धरतं, मुलगी गुटगुटीत असते, मुलगा अंगाने भरतो आणि घर खात्यापित्याचं असतं. उलट बाजूला सुकला, वाळला, काडी पैलवान. गणपतीला मुंबईहून आलेला काका गाडीतून उतरतो, खळ्यात उभ्या पुतण्याकडे बघतो आणि म्हणतो, "कितको सुकलंस रे!" त्या एका वाक्यावर आजी पुढचे दहा दिवस ताटात जास्तीची पळी ओतते. पोरगा सुकलेला असतोच असं नाही. बहुतेक वेळा वर्षभरात त्याची उंची पाच-सहा सेंटीमीटर वाढलेली असते, एवढंच.

या काळजीला हसू नये. आषाढ-श्रावण पेजेवर काढलेली, मनीऑर्डरची वाट बघितलेली पिढी अजून पडवीत बसलेली आहे. तिच्या लेखी बारीक मूल म्हणजे जंत, ताप, खोकला. अंगणवाडी योजना १९७५ साली सुरू झाली तीही कुपोषण हटवायलाच, त्यामुळे वजनाच्या तक्त्यावरची रेघ खाली आली की चर्चा होते आणि वर गेली की शाबासकी मिळते. रेघ फारच वर गेली तर काय करायचं, हे मात्र आपल्याला कुणी शिकवलेलं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालच्या जास्त वजनाच्या मुलांचं प्रमाण २०१५-१६ मध्ये २.१ टक्के होतं, २०१९-२१ मध्ये ते ३.४ टक्के झालं. युनिसेफने २०२५ मध्ये सांगितलं की जगभरच्या शाळकरी वयात लठ्ठ मुलं (९.४ टक्के) आता कमी वजनाच्या मुलांपेक्षा (९.२ टक्के) जास्त झाली आहेत. आपल्याकडे दोन्ही एका आळीत सापडतात, कधी एकाच घरात.

बाळशाबद्दल एक गोष्ट घरोघरी माहीत असायला हवी. पहिल्या वाढदिवसानंतर मूल बारीक दिसू लागतं, ते दिसायलाच हवं. उंचीच्या मानाने वजन, म्हणजे बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग), तिथून पाच-सहा वर्षांपर्यंत उतरत जातो आणि मग पुन्हा चढतो. हा उतार निरोगी आहे. पण नेमक्या याच वयात "बाळसं गेलं हो" म्हणत घर कामाला लागतं. बाटलीतलं साखरदूध, दुधात बुडवलेलं बिस्कीट, मोबाईल दाखवत भरवलेला वरणभात. ज्या मुलांचा चढ पाच-सहाऐवजी तिसऱ्या-चौथ्या वर्षीच सुरू होतो, त्यांना पुढे लठ्ठपणाचा धोका जास्त, हे बऱ्याच देशांत दिसलेलं आहे. तेव्हा तीन वर्षांच्या मुलाच्या बरगड्या अंघोळीच्या वेळी थोड्या दिसल्या तर मीठ-मोहऱ्या ओवाळायची गरज नाही.

दुसरी गोष्ट पुण्याची. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. आपली बाळं वजनाने बरीच हलकी, स्नायू कमी, पण त्या मानाने चरबी राखलेली. 'थिन-फॅट' हा शब्द त्यातूनच रुळला. म्हणून आपल्याकडे मूल हत्तीएवढं दिसेपर्यंत थांबणं बरोबर नाही. हातपाय काटकुळे आणि पोट तेवढं पुढे, हे रूप आपण "पोट सुटलंय जरासं" म्हणून सोडून देतो, आणि खरं बघायचं असतं ते तिथेच.

ते बघायला सुतळी पुरते. मुलाला अनवाणी भिंतीला टेकवून उभं करायचं. टाचेपासून डोक्याच्या टोकापर्यंत सुतळी धरून कापायची आणि बरोबर मधोमध दुमडायची. मग शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधली जागा बोटांनी चाचपायची. ती बहुधा बेंबीच्या जरा वर येते. मुलाला श्वास सोडायला सांगून दुमडलेली सुतळी तिथे फिरवायची. टोकं सहज भेटली तर ठीक. मध्ये फट राहिली, तर कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे, म्हणजे चरबी पोटात साठते आहे. लोकर किंवा इलॅस्टिक घेऊ नये, ताणलं जातं. मुलं पोट आत ओढतात, म्हणून श्वास सुटल्यावरच मापायचं. सहा वर्षांखाली ही युक्ती चालत नाही, कारण त्या वयात पोट मुळातच पुढे असतं.

वजन आणि उंची तीन महिन्यांनी एकदा घ्यावी, त्याहून जास्त वेळा नको. वजन नेहमी त्याच काट्यावर, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर. उंची मोजताना चुका ठरलेल्या. भिंतीच्या तळाला टाइल्सची पट्टी असते म्हणून टाच पुढे राहते, वेणीचा गोंडा डोक्याची उंची वाढवतो, मूल वर बघतं. नजर सरळ समोर हवी आणि डोक्यावर जाड पुस्तक भिंतीशी काटकोनात. नऊ वर्षांच्या, ३६ किलोच्या मुलाची १३० सेंटीमीटर उंची १२८ मोजली गेली की बीएमआय २१.३ चा २२ होतो. मोठ्यांच्या जास्त वजनाचे २३ किंवा २५ चे आकडे मुलांना लावायचे नसतात, वयानुसार तक्ता बघायचा. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे पाच ते अठरा वर्षांसाठीचे तक्ते २०१५ चे आहेत, मुलांच्या डॉक्टरांकडे ते असतात.

याच मुलाचा हिशेब पुढे नेऊ, कारण यातच दिलासा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात नऊ वर्षांच्या मुलग्याची लठ्ठपणाची रेषा २०.५ च्या आसपास येते, म्हणजे २१.३ चा हा मुलगा तिच्या वर. आता वर्षभर त्याचं वजन ३६ वरच राहिलं आणि उंची १३६ झाली, तर बीएमआय १९.५ येतो. दहाव्या वर्षी ती रेषा साधारण २१.४ वर असते. एक किलोही न घटवता तो रेषेखाली आला. वाढत्या मुलाला उपाशी ठेवायचं नसतं ते यासाठीच. वजन थोपवायचं आणि उंचीला काम करू द्यायचं. मुलाला 'डाएट'वर घालणारी, भात बंद करणारी, सकाळी मध-पाणी पाजणारी घरं हे विसरतात आणि दोन महिन्यांत सगळं सोडून देतात.

बरं, हे थोपवायचं कोणी? अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी यावर एक सोपी वाटणी सुचवली आहे आणि मला ती फार पटते. काय वाढायचं, कधी वाढायचं आणि कुठे बसून खायचं, हे मोठ्यांनी ठरवायचं. त्यातलं किती खायचं आणि खायचं की नाही, हे मुलाने. आपल्या घरांत नेमकं उलटं चालतं. काय हवं ते सहा वर्षांच्या मुलाला विचारलं जातं ("नूडल्स करू की चपाती?") आणि किती खायचं ते आजी ठरवते ("एवढा घास, काकाचा"). मुलाला पोट भरल्याचं कळतं, ते जन्मतःच कळत असतं. काकाच्या, मामाच्या, चिऊच्या घासांनी ते कळणं हळूहळू बोथट होत जातं. मोबाईल समोर धरून भरवलं की मूल तर तोंड उघडतं ते यंत्रासारखं, चवही कळत नाही आणि पोटही.

अन्न टाकू नये, हे खरंच. त्याची वाट ताटातलं संपवायला लावण्यात नाही, कमी वाढण्यात आहे. मोठ्या पळीऐवजी छोटं ओगराळं घ्यावं. पहिली वाढ मुद्दाम थोडी, पुन्हा मागितलं तर पुन्हा, पण मध्ये दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्यावीत, तेवढ्यात भाजी किंवा काकडी फिरवावी. नवी भाजी मुलाने पहिल्या खेपेला थुंकली म्हणून तिचं नाव टाकू नये. दहा-पंधरा वेळा ताटात आल्यावर ती खाल्ली जाते, तीही मोठे स्वतः खाताना दिसले तर. वडिलांच्या ताटात फरसाण आणि मुलाच्या ताटात दोडका, हे चालत नाही. एकट्या जाड मुलासाठी वेगळं रांधणं हा तर सगळ्यात वाईट प्रकार. घराचं जेवण बदलतं किंवा कुणाचंच बदलत नाही.

सुदैवाने कोकणातल्या घराला जेवण फारसं बदलावं लागत नाही. मधल्यामध्ये आळ खोबऱ्यावर येतो, म्हणून हिशेब करून बघा. चौघांच्या आमटीत अर्धा नारळ गेला तर माणशी सव्वाशेच्या आसपास कॅलरी पडतात. तीस ग्रॅमच्या वेफर्सच्या पुडीत दीडशेच्या वर असतात. आमटीने पोट भरतं, पुडीने भूक चाळवते. पस्तीस किलोच्या मुलाला ती पुडी जिरवायला तासाभराहून जास्त चालावं लागेल. तेलाचं माप मात्र ठेवावं. चौघांना महिन्याला दोन-अडीच लिटर, म्हणजे माणशी रोज चारेक चमचे, खोबरं वापरणाऱ्या घरात त्याहून जास्त लागू नये. बांगडा रोज रव्यात घोळवून तळण्याऐवजी तिरफळं घालून तिखलं करावं, नाहीतर तव्यावर दोन चमचे तेलात. एका मध्यम बांगड्यात पंधरा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात, आणि प्रथिनांनी भरलेलं पोट लवकर फरसाणाच्या डब्याकडे जात नाही.

खरी गडबड चार ते आठ या वेळात होते. शाळेच्या पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलासाठी ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनांचं जेवण ठरलेलं आहे, सहावी ते आठवीला ७०० आणि २०. मूल दुपारी तिथे जेवतं आणि घरी आल्यावर "शाळेतलं काय ते जेवण" म्हणून पुन्हा भात वाढला जातो. तो नाही तर चहा-बिस्किटं. दोन चमचे साखरेचा चहा आणि चार ग्लुकोज बिस्किटं मिळून पंधरा ग्रॅम साखर होते. मग क्लासला जाताना वडापाव, आल्यावर बेकरीचं बटर किंवा खारी, आणि साडेनऊला जेवायला बसलं की "आज जेवतच नाही" ही तक्रार. जेवेल कसं?

हे चार तास सांभाळले की निम्मं काम झालं. शाळेतून आल्या आल्या, पंधरा मिनिटांच्या आत, एक खरं खाणं समोर हवं, आणि ते आधीच तयार हवं. उशीर झाला की पुडी जिंकते. दोन घावणे आणि चटणी, मूठभर उकडलेल्या शेंगा, एक उकडलेलं अंडं, पावसाळ्यात उकडलेले करांदे किंवा रताळं, वाटीभर कुळथाची पिठी आणि थोडा भात. एखादं केळं. यातलं एक किंवा दोन, सगळं नाही. मग आठच्या जेवणापर्यंत स्वयंपाकघर बंद, पाणी सोडून. पहिले चार-पाच दिवस रडारड होते, सहाव्या दिवशी मूल आठला भुकेलेलं बसतं.

पातळ पदार्थांविषयी जरा जास्त लिहितो, कारण इथे आपण कोकणातले लोक स्वतःला फसवतो. कोला वाईट, हे सगळ्यांना ठाऊक आहे. २५० मिलिलिटरच्या बाटलीत साडेसव्वीस ग्रॅम साखर, म्हणजे पाच चमचे. जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिलेली मर्यादा धरली तर दिवसाला दीड हजार कॅलरी खाणाऱ्या मुलाला वरून घातलेली साखर ३७ ग्रॅमच्या आत हवी, शक्यतो १८-१९ च्या आत. पण घरचं कोकम सरबत? ते 'आपलं' म्हणून मोजलंच जात नाही. रातांब्याच्या सालींना साखर लावून जे अमृत कोकम होतं, त्यात सालींच्या साधारण दुप्पट साखर पडते. त्याचा ४० मिलिलिटर पाक ग्लासात ओतला की तीस ग्रॅमच्या पुढे साखर गेली, कोलाहून जास्त. रातांबा बिचारा निर्दोष आहे. मिठातलं आगळ, म्हणजे रातांब्याचा बिनसाखरेचा रस, घ्यावं, दोन चमचे एका ग्लासाला, जिरेपूड, हवं तर अर्धा चमचा साखर. सोलकढीत तर तीही लागत नाही. पाक पाहुण्यांना ठेवावा. मुलाला सवय असेल तर पाक एकदम बंद करू नये, दर आठवड्याला एक चमचा कमी करत आगळावर यावं; जीभ दोन महिन्यांत बदलते.

दुधात घालायच्या माल्ट पावडरींचंही तेच. पुष्कळ पावडरींच्या दोन चमच्यांत सात-आठ ग्रॅम साखर असते आणि वरून घरची साखर पडतेच. 'हेल्थ ड्रिंक' असा प्रकारच अन्नसुरक्षा कायद्यात नाही, म्हणून २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेयं त्या गटातून काढायला सांगितलं. साधं दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत पुरे. पाकिटावर साखर वाचताना 'प्रति सर्व्हिंग'च्या रकान्याकडे बघू नका, १०० ग्रॅमचा रकाना बघा आणि आलेल्या आकड्याला पाचाने भागा. तेवढे चमचे. घटकांच्या यादीत जे जास्त ते आधी लिहिलेलं असतं. साखर पहिल्या तिनात असली, किंवा लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन अशी नावं बदलून दोनदा आली, तर तो खाऊ आहे, जेवण नव्हे.

हापूसबद्दल विचाराल. मे महिन्यात मुलाने रोज एक-दोन आंबे कापून, कोय चोखून खाल्ले तर खाऊ द्यावेत. शंभर ग्रॅम गरात साठ-सत्तर कॅलरी असतात. वाटीभर साखर घातलेला आमरस आणि सोबत सहा पुऱ्या, ही वेगळी गोष्ट. आंबापोळी-फणसपोळी तर बोलूनचालून गोड, बोटभर तुकडा.

चाकरमान्यांच्या पिशवीचं काय करायचं, हा नाजूक प्रश्न आहे. त्या पिशवीत वर्षभराची माया असते, ती परत करता येत नाही. जमतं ते असं. आणलेलं सगळं एका डब्यात, डबा मोठ्यांच्या हातात, रोज संध्याकाळच्या आरतीनंतर सगळ्या मुलांना मिळून एक-एक. कुणी चांगलं वागलं म्हणून नाही, आणि कुणी रडलं म्हणून तर नाहीच. बक्षीस म्हणून दिलेलं चॉकलेट भाजीला शिक्षा करून टाकतं. यायच्या आधीच फोन करून "काका, या वेळी फुटबॉल आणा, नाहीतर दोरीउड्यांच्या दोऱ्या" असं सांगितलं तर बहुतेक काका खुशीने आणतात. आजीशी भांडू नये. "आई, वाढायचं तुम्हीच, फक्त हे छोटं ओगराळं घ्या, आणि पोराला आगळाचं सरबत तुमच्यासारखं कुणाला जमत नाही" असं म्हटलं की काम होतं. तिच्या हातची उकड, आंबोळी, पेज हीच तर आपल्याला हवी आहेत.

हालचालीचं माप पाच ते सतरा वर्षांसाठी रोज साठ मिनिटं, धाप लागेल अशी. पूर्वी शाळेची पाणंद ते मोजून घ्यायची. आता दारात मॅजिक गाडी येते, आणि महामार्गाकडेने मुलाला एकटं चालत पाठवा असं मीही म्हणणार नाही. पण शाळेच्या अलीकडे अर्ध्या किलोमीटरवर, सुरक्षित वाटेच्या तोंडाशी उतरवता येतं. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, चार महिने मैदान म्हणजे तळं. पडवी दहा-बारा फूट असली तरी दोरीउड्या, फुगड्या, झिम्मा, जाखडीच्या नाचाचा सराव होतो. दहा मिनिटं उड्या, पाच मिनिटं दम, असं चार वेळा केलं की पोर घामाघूम. मोठ्याने सोबत उतरायचं. बाकावर बसून "खेळ जा" म्हणणाऱ्याच्या हातात मोबाईल असतो आणि मुलाला तो दिसतो. झोप सहा ते बारा वर्षांना नऊ तासांच्या वर हवी. कमी झोपलेलं मूल दुसऱ्या दिवशी गोड मागतं. रात्री मोबाईल माजघरात चार्जिंगला, मोठ्यांचेही.

शाळेपुरतं थोडक्यात. फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त साखर, मीठ, चरबीचे पदार्थ विकू नयेत, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. सीबीएसईने २०२५ मध्ये आपल्या शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितले. जिल्हा परिषदेच्या शाळेला ते करायला कुणाची बंदी नाही. एक तक्तापुठ्ठा, पारदर्शक पिशव्या आणि चमच्याने मोजलेली साखर, बस. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या पालघरातूनच देशभर सुरू झाला. त्याचं पथक वर्षातून एकदा शाळेत मुलं तपासतं, त्या दिवशीची वजन-उंची पालकांनी मागून घ्यावी.

जाड मुलाला घरात 'जाड्या' म्हणू नये, लाडानेही नाही, आणि पाहुण्यांसमोर त्याचं वजन सांगू नये. चिडवलेलं मूल लपून खातं. बोलायचं तर खेळण्याबद्दल, दमाबद्दल, झोपेबद्दल.

काही खुणा दिसल्या की मात्र घरगुती उपाय बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा. वजन वाढतंय पण उंची थांबली आहे. जास्त खाण्याने जाड झालेलं मूल सहसा वयाच्या मानाने उंचच असतं, म्हणून बुटकं आणि जाड असेल तर थायरॉइड वगैरे तपासावं लागतं. रात्री घोरतं आणि मध्येच श्वास अडकतो. लंगडतं, गुडघा किंवा जांघ दुखते म्हणतं. फार तहान, फार लघवी. आणि मान. मानेच्या मागे, काखेत कातडी काळी, जाड, मखमलीसारखी होते. घरचे समजतात मळ साचला, मग दर रविवारी डाळीचं पीठ, दगड, लिंबाची फोड घेऊन पोराची मान सोलवटून काढतात. ती इन्सुलिनचं काम बिघडत चालल्याची खूण असते, घासून जात नाही. उपाशीपोटी साखर, यकृत आणि चरबीच्या तपासण्या कराव्या लागतात. वजन थांबलं, उंची वाढली, की काही महिन्यांत ती आपोआप फिकट होऊ लागते. तोवर लिंबू बांगड्यावर पिळावं.